डोळ्यात डोकावणारा आरसा

समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यात नीट बघा. मधोमध बाहुली दिसते, काळी कुळकुळीत. उन्हात बघा, दिव्याखाली बघा, ती काळीच. आता रात्री उमरेडच्या किंवा पेंचच्या रस्त्याने गाडी चालवताना अचानक समोर आलेले मांजर आठवा. हेडलाइटच्या उजेडात त्याचे डोळे दिव्यांसारखे चमकतात. मांजराच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा एक जादा थर असतो हे खरे, पण माणसाचा डोळाही अगदीच अंधारा नाही. फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत घरातल्या कुणाची तरी बाहुली लालभडक येतेच. मग एरवी ती काळी का दिसते?

या साध्या प्रश्नाचे पक्के उत्तर १८५० च्या हिवाळ्यात मिळाले. ते शोधणारे हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ तेव्हा २९ वर्षांचे होते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव ऊर्जेच्या अक्षय्यतेमुळे आणि प्रयोगशाळेतल्या हेल्महोल्ट्झ कॉइलमुळे ठाऊक असते. पण ज्या कुणी डोळ्यात थेंब टाकून, दोन तास बाकावर बसून डोळ्याचा पडदा तपासून घेतला आहे, त्या प्रत्येकाचा या माणसाशी अधिक जवळचा संबंध आहे. हातातल्या टॉर्चएवढ्या ऑफ्थॅल्मोस्कोपपासून आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या कॅमेऱ्यापर्यंत डोळ्याच्या आत पाहण्याची परंपरा त्यांच्या आरशापासून सुरू होते.

भौतिकशास्त्राची ओढ, वैद्यकाची वाट

हेल्महोल्ट्झ यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी बर्लिनजवळच्या पोट्सडॅम या गावी झाला. वडील शाळामास्तर. घरात पुस्तके होती, पैसा बेताचा होता. लहानपणी प्रकृती नाजूक आणि पाठांतरात हा मुलगा कच्चा. भूमिती मात्र त्याला खेळासारखी वाटे. वर्गात लॅटिन कवींचे वाचन चालू असताना तो बाकाखाली दुर्बिणीतून प्रकाशकिरण कसे जातात याच्या आकृत्या काढत बसे.

त्याला शिकायचे होते भौतिकशास्त्र. पण शिक्षकाच्या पगारात मुलाला त्यासाठी विद्यापीठात ठेवणे परवडणारे नव्हते. बर्लिनमधल्या लष्करी वैद्यकीय संस्थेत शिक्षण मोफत मिळत असे. अट एकच, नंतर आठ वर्षे सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरी करायची. १८३८ साली हर्मानने तो मार्ग धरला. नाइलाजाने निवडलेल्या वैद्यकाचा पुढे विज्ञानाला केवढा लाभ झाला! डोळ्याकडे भौतिकशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहणारा डॉक्टर त्यातूनच घडला.

शिकत असताना १८४१ साली ते दीर्घ तापाने रुग्णालयात पडले. विद्यार्थी म्हणून उपचार फुकट झाले आणि त्या काळातला तुटपुंजा भत्ता शिल्लक राहिला. त्या पैशांतून त्यांनी एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला. मज्जापेशी आणि मज्जातंतू यांच्या संबंधावरचा त्यांचा १८४२ चा प्रबंध त्याच सूक्ष्मदर्शकाखाली झाला.

पुढची पाच वर्षे पोट्सडॅमच्या छावणीत गेली. बराकीतल्या खोलीतच त्यांनी प्रयोगांची मांडामांड केली. स्नायू आकुंचन पावताना उष्णता निर्माण होते, ती येते कुठून, या प्रश्नाचा माग काढत ते ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या तत्त्वापर्यंत पोहोचले. जुलै १८४७ मध्ये बर्लिनच्या भौतिकशास्त्र मंडळापुढे त्यांनी तो निबंध वाचला. नामांकित नियतकालिकाने तो छापायला नकार दिला, तेव्हा तो स्वतंत्र पुस्तिका म्हणून निघाला. आज तो भौतिकशास्त्राच्या पायाभूत लेखनात मोजला जातो. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांच्या मध्यस्थीने १८४८ साली त्यांची लष्करी नोकरीतून मुदतीआधी सुटका झाली आणि १८४९ मध्ये ते कोनिग्सबर्ग विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागले. त्याच वर्षी ओल्गा फॉन फेल्टेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

आठ दिवसांचा खटाटोप

विद्यार्थ्यांपुढे डोळ्याविषयी बोलायचे होते. हेल्महोल्ट्झ यांचे मित्र एर्न्स्ट ब्रुके यांनी १८४७ मध्ये दाखवून दिले होते की दिवा आणि बघणाऱ्याची नजर जवळजवळ एका रेषेत आणली तर माणसाची बाहुलीही तांबूस चमकते. हे विद्यार्थ्यांना समजावायची तयारी करताना हेल्महोल्ट्झ यांना पुढचा प्रश्न पडला. डोळ्यातून परतणारे हे किरण एकत्र आले तर त्यांतून चित्र कशाचे तयार होईल? अर्थातच ते जिथून निघाले, त्या पडद्याचे.

आता बाहुली काळी का दिसते तेही उलगडते. डोळ्यात शिरलेला उजेड पडद्यावर पडतो आणि त्यातला थोडा भाग आला त्याच वाटेने परत दिव्याकडे जातो. तो पाहायचा तर आपला डोळा दिवा आणि रुग्ण यांच्या मधोमध आणायला हवा. पण आपण मध्ये आलो की आपल्याच डोक्याने दिव्याचा उजेड अडतो. म्हणजे बाहुलीत अंधार नसतो. आपण चुकीच्या जागी उभे असतो.

हेल्महोल्ट्झ यांची युक्ती सोपी होती. दिवा रुग्णाच्या शेजारी ठेवायचा आणि काच तिरकी धरायची. दिव्याचा काही उजेड काचेवरून परावर्तित होऊन बाहुलीत जातो. पडद्यावरून परतलेल्या उजेडाचा काही भाग त्याच काचेतून आरपार येतो आणि पलीकडे बसलेल्या डॉक्टरांच्या डोळ्यात पोहोचतो. दिवा आणि नजर, दोघांची वाट एक झाली. मध्ये एक अंतर्वक्र भिंग ठेवले की चित्र स्पष्ट होते.

त्यांनी पुठ्ठा, चष्म्याची भिंगे आणि सूक्ष्मदर्शकासाठी वापरायच्या पातळ काचा डिंकाने चिकटवून पहिले उपकरण केले. पडदा स्पष्ट दिसेपर्यंत सुमारे आठ दिवस गेले. प्रयत्न मध्येच सोडून द्यावासा वाटण्याइतके ते अवघड होते. सिद्धांत पक्का आहे या भरवशावर त्यांनी तो चालू ठेवला. मग एका क्षणी लालसर पार्श्वभूमीवर रक्तवाहिन्यांच्या फांद्या आणि डोळ्याची नस जिथून मेंदूकडे निघते ती फिकट गोल चकती त्यांच्या नजरेसमोर आली. जिवंत माणसाच्या शरीरातल्या रक्तवाहिन्या कुठेही न कापता पाहता येण्याच्या मोजक्या जागांपैकी ही एक आहे.

६ डिसेंबर १८५० रोजी शोधाची माहिती बर्लिनच्या भौतिकशास्त्र मंडळाकडे गेली आणि १८५१ मध्ये पुस्तिका प्रसिद्ध झाली. कोनिग्सबर्गच्याच रेकॉस या कारागिराने उपकरणाला वेगवेगळ्या नंबरांच्या भिंगांची फिरती चकती जोडली. आजच्या ऑफ्थॅल्मोस्कोपवर बोटाने फिरवायची चकती असते, तिची ही आजी.

असा प्रयत्न करणारे ते पहिले नव्हते. गणनयंत्राची कल्पना मांडणारे चार्ल्स बॅबेज यांनीही १८४७ च्या सुमारास लंडनमध्ये मधोमध पारा खरवडलेला एक छोटा आरसा तयार केला होता. तो ज्या नेत्रवैद्याला दाखवला, त्याला त्याचे महत्त्व जाणवले नाही आणि आरसा बाजूला पडला. हेल्महोल्ट्झ यांच्याकडे उपकरणाबरोबर त्यामागचे गणितही होते. चित्र का दिसते, कुणाला दिसणार नाही आणि मग कोणते भिंग लावायचे, हे त्यांनी लिहून ठेवले. म्हणून दुसऱ्यांना ते उपकरण बनवता आले आणि वापरताही आले.

डॉक्टरांना काय दिसले

सगळ्यांनी स्वागत केले असे नाही. आजारी डोळ्यात थेट उजेड सोडणे धोक्याचे, असे काही डॉक्टरांना वाटले. ज्यांची नजर अधू आहे अशा वैद्यांनाच असल्या आरशाची गरज, असाही एक सूर होता. पण बर्लिनचे तरुण नेत्रवैद्य अल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे आणि नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचे फ्रान्स डोंडर्स यांनी ते लगेच हाती घेतले. तोवर आतल्या कारणाने नजर गेली की वैद्य एकच नाव देत आणि हात टेकत, कारण आत बघायची सोयच नव्हती. आता त्या एका नावाखाली दडलेले वेगवेगळे आजार सुटे होऊ लागले: पडदा सुटणे, रक्तवाहिनी बंद पडणे, नसेला सूज येणे. व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर यांनी त्याच दशकात मधुमेही रुग्णाच्या पडद्यावरचे बदल नोंदवले.

काचबिंदूची कथा तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. काचबिंदूत डोळ्याच्या नसेची चकती खोलगट होत जाते. ग्रेफे यांनी ती आरशातून पाहिली तेव्हा आधी त्यांना ती फुगीर वाटली. एका डोळ्याने पाहताना खोल आणि उंच यांतला फरक चटकन कळत नाही. लवकरच चूक ध्यानात आली, खोलगटपणा सिद्ध झाला आणि १८५७ मध्ये ग्रेफे यांनी काचबिंदूवरची शस्त्रक्रिया जगापुढे ठेवली. चित्र दिसणे ही पहिली पायरी. त्याचा अर्थ लावणे ही दुसरी, आणि तिला शिकावे लागते. आजच्या यंत्रांनाही हे लागू आहे.

चाळिशी आणि मोतीबिंदूचे भिंग

हेल्महोल्ट्झ डोळ्यापाशी थांबून राहिले. पारपटल, म्हणजे डोळ्यासमोरची पारदर्शक काच, किती गोलाईची आहे हे जिवंत डोळ्यावर मोजणारे उपकरण त्यांनी याच काळात तयार केले. ते वापरून त्यांनी दाखवले की जवळचे पाहताना डोळ्यातले भिंग अधिक फुगते. वयाबरोबर भिंग कडक होते, फुगेनासे होते आणि आपल्याला चाळिशी लागते. याच मोजणीच्या पुढच्या पिढीला आज केराटोमेट्री म्हणतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना ही मोजणी करावी लागते. आजीची शस्त्रक्रिया झाली आणि तिला लांबचे स्वच्छ दिसू लागले, तर त्यात या मोजणीचा वाटा असतो.

ओल्गा यांची प्रकृती ढासळत होती. कोनिग्सबर्गची थंडी त्यांना सोसेना, म्हणून १८५५ मध्ये कुटुंब बॉनला आणि १८५८ मध्ये हायडेलबर्गला गेले. तरी १८५९ च्या डिसेंबरात क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. पदरात दोन लहान मुले होती. १८६१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी आना फॉन मोल यांच्याशी विवाह केला. या सगळ्या काळात दृष्टीच्या शरीरशास्त्रावरचा त्यांचा प्रचंड ग्रंथ लिहिणे चालूच होते; त्याचे भाग १८५६ ते १८६७ या काळात निघाले. लाल, हिरवा आणि जांभळा अशा तीन प्रकारच्या संवेदनांतून सगळे रंग कसे उभे राहतात, ही थॉमस यंग यांची कल्पना त्यांनी तिथे विस्ताराने मांडली.

त्याच ग्रंथातला आणखी एक विचार रुग्णांच्या दृष्टीने मोलाचा आहे. डोळा मेंदूला फक्त खुणा पाठवतो. त्यांवरून समोर काय आहे याचा अंदाज मेंदू आपल्या नकळत बांधतो, असे त्यांनी मांडले. त्यामुळे नजरेत एखादी फट पडली तरी आपल्याला ती जाणवेलच असे नाही. काचबिंदूत कडेची नजर हळूहळू जाते आणि मेंदू ती उणीव झाकत राहतो. माणूस रस्ता ओलांडतो, पेपर वाचतो, आणि कडेने आलेली सायकल मात्र त्याला दिसत नाही. तोवर नसेचे बरेच नुकसान झालेले असते, आणि ते भरून निघत नाही.

भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याची मर्यादाही इथेच कळते. तो तक्ता डोंडर्स यांचे सहकारी हर्मान स्नेलन यांनी १८६२ मध्ये तयार केला. सहा मीटरवरून सगळ्या ओळी वाचल्या की नजर सहा बाय सहा. पण तक्ता तपासतो पडद्याचा मधला इवलासा भाग. मधुमेहाने पडद्यावर रक्ताचे ठिपके आले असले, काचबिंदूने कडा पोखरली असली, तरी सुरुवातीला सगळ्या ओळी वाचता येतात. चष्म्याचा नंबर तपासून घेणे म्हणजे डोळे तपासून घेणे, हा समज म्हणूनच महागात पडतो.

१८७१ मध्ये हेल्महोल्ट्झ बर्लिनला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. तरुणपणी परवडला नव्हता तो विषय पन्नाशीत त्यांच्याकडे चालत आला. हाइनरिश हर्ट्झ आणि माक्स प्लांक हे त्यांचे विद्यार्थी. १८८६ मध्ये जर्मन नेत्रवैद्यांनी त्यांना ग्रेफे यांच्या नावाचे पदक दिले, तेव्हा त्यांनी स्वतःची तुलना छिन्नी घडवणाऱ्या लोहाराशी केली. शिल्प घडवले ते नेत्रवैद्यांनी, असा त्यांचा रोख होता. १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनाहून परतताना ते जहाजाच्या जिन्यावरून पडले. त्यानंतर प्रकृती पूर्वीसारखी झाली नाही आणि ८ सप्टेंबर १८९४ रोजी त्यांचे निधन झाले.

आरसा नागपुरापर्यंत

पहिल्या आरशातून दिसणारे चित्र अंधूक होते, एका वेळी पडद्याचा लहानसा तुकडाच दिसे, आणि जे दिसले ते फक्त डॉक्टरांच्या स्मरणात राही. पुढची सुधारणा या तीन अडचणींभोवती झाली. १९२६ मध्ये झाइस कंपनीचा फंडस कॅमेरा आला आणि पडद्याचे छायाचित्र जपून ठेवता येऊ लागले. १९९१ मध्ये अमेरिकेत ओसीटी तंत्र पुढे आले. त्यात परतणाऱ्या प्रकाशाच्या लहरींवरून पडद्याच्या थरांची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. हात न लावता, चिरफाड न करता पडद्याचा जणू उभा छेदच समोर येतो. मधुमेहाने आलेली सूज किंवा काचबिंदूने पातळ झालेला तंतूंचा थर त्यात आकड्यांनी दिसतो, आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजून तुलना करता येते.

हेल्महोल्ट्झ ज्या हायडेलबर्ग विद्यापीठात १३ वर्षे होते, त्याच विद्यापीठाच्या मानहाइम इथल्या नेत्र विभागाने नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटबरोबर एक मोठे सर्वेक्षण केले. सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी हे त्याचे नाव. २००६ ते २००८ या काळात नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या आठ खेड्यांतल्या तीस वर्षांवरील ५,८८५ जणांपैकी ४,७११ जणांनी त्यात भाग घेतला. नजर, डोळ्याचा दाब, पडद्याची छायाचित्रे, सगळे नोंदवले गेले. काचबिंदू, लांबचे न दिसणे, मधुमेहाचे पडद्यावरचे परिणाम यांविषयी विदर्भातल्या खेड्यांचे आकडे त्यातून आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत पोहोचले. शेतात राबणाऱ्या, एरवी नेत्रतज्ज्ञाकडे कधीच न गेलेल्या माणसांच्या पडद्याचीही दखल घेतली गेली.

पुढची अडचण मनुष्यबळाची. मधुमेही रुग्ण कोट्यवधी आणि पडदा वाचू शकणारे डॉक्टर मोजके. २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी १,२८,१७५ छायाचित्रांवर संगणकाला शिकवून मधुमेहाचा पडद्यावरचा आजार ओळखायला लावला. त्यातली काही छायाचित्रे भारतीय नेत्र रुग्णालयांतली होती. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आरोग्य कर्मचाऱ्याने स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने छायाचित्रे काढली आणि इंटरनेटशिवाय फोननेच निकाल दिला. २१३ रुग्णांमध्ये ज्यांना तज्ज्ञाकडे पाठवायला हवे होते, ते सगळे फोनने ओळखले. ज्यांना पाठवायची गरज नव्हती त्यांपैकी सुमारे ८८ टक्के बरोबर बाजूला काढले. संख्या लहान आहे, म्हणून निष्कर्ष जपून घ्यायला हवा. शिवाय मधुमेहाचे ठिपके शोधायला शिकवलेले यंत्र काचबिंदू आपोआप ओळखत नाही. ही चाळणी आहे; निदान आणि उपचार डॉक्टरांकडेच. पण गडचिरोली किंवा मेळघाटातल्या रुग्णासाठी अशी चाळणी गावाजवळ असणे आणि नसणे यांत एका डोळ्याचा फरक पडू शकतो.

पडदा कुणी, कधी तपासावा?

टाइप-२ मधुमेह असल्याचे कळले की लगेच, आणि नंतर डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर दरवर्षी. टाइप-१ मधुमेहात आजार सुरू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत, मग नियमित. मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस राहिले तर पहिल्या तिमाहीतच. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीआधीपासून डोळ्याचा दाब आणि नस दोन्ही तपासून घ्यावी.

चौतिसाव्या आठवड्याआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासायलाच हवा; फार अशक्त बाळांचा त्याहूनही आधी. काचेच्या पेटीतून बाळ घरी आले की आई-वडिलांना हायसे वाटते आणि नेमकी ही तारीख निसटते. फ्लॅशच्या फोटोत मुलाची बाहुली लाल न येता पांढरी दिसली, तर वाट न पाहता नेत्रतज्ज्ञ गाठावा. पडद्यावरच्या कर्करोगाची ती खूण असू शकते. डोळ्यापुढे अचानक विजा चमकणे, काळे ठिपके वाढणे, पडदा ओढल्यासारखे होणे, ही त्याच दिवशी दवाखान्यात जायची लक्षणे आहेत.

तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब टाकले की काही तास जवळचे अंधूक दिसते आणि उजेड सोसत नाही. म्हणून सोबत कुणाला तरी न्यावे, स्वतः गाडी चालवू नये आणि नागपूरच्या उन्हात गॉगल विसरू नये. मेयो असो, मेडिकल असो की गल्लीतला नेत्रतज्ज्ञ, चष्म्याच्या नंबरासाठी गेलात की एक प्रश्न आवर्जून विचारा: माझा पडदा शेवटचा कधी तपासला होता? आपल्या डोळ्यात आपल्याला डोकावता येत नाही. ते दुसऱ्या कुणाला तरी करावे लागते, आणि ते कसे करायचे हे आपल्याला १८५० पासून माहीत आहे.